एकाच फझ पेडलमधून अनेक आवाज: जुळणी, बायस आणि वापर

फझ पेडल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं, पायाने चालू-बंद करायचं यंत्र. त्याची जुळणी फसते ती बहुधा क्रमात. आधी सगळं बोर्डवर पक्कं सोल्डर होतं, डबा बंद होतो, आणि मग आवाज फाटका किंवा मेलेला निघाला की ट्रान्झिस्टर काढायची वेळ येते. दुसरी चूक वापरातली: पेडल उत्तम बनलेलं असतं, पण गिटार ते अँपमधल्या पेडलांच्या साखळीत चुकीच्या जागी बसतं आणि "हे साफ होतच नाही" अशी तक्रार सुरू होते.

अनेक आवाज हवेत म्हणून नॉब वाढवत जायची गरज नाही. फझचा स्वभाव दोन गोष्टी ठरवतात: दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बायस (सिग्नल नसताना त्यावर ठरवून ठेवलेलं व्होल्टेज), आणि गिटारला समोर दिसणारा इनपुटचा रोध. या दोन्ही हाताशी आल्या की उरलेले नॉब सोयीचे. इथे दिलेलं सर्किट दोन सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टरांचं, ९ व्होल्टवर चालणारं आहे.

## १. तयारी: सुटे भाग

रेझिस्टर पाव वॉटचे, मेटल फिल्म (के म्हणजे किलोओहम):

- ३३ के, १०० के, १ के आणि १०० ओहम, प्रत्येकी एक
- ४.७ के दोन (एक टोनसाठी, एक एलईडीसाठी)
- १ मेगओहम एक

कपॅसिटर:

- २.२ मायक्रोफॅरड, २२ मायक्रोफॅरड, १०० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक, १६ व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचे
- १०० नॅनोफॅरड फिल्म, दोन
- २२ नॅनोफॅरड फिल्म, एक
- २२० पिकोफॅरड सिरॅमिक, एक

पॉट (नॉबने बदलणारे रेझिस्टर): फझसाठी १ के, इनपुटसाठी ५० के, बायससाठी १० के लिनिअर, टोनसाठी २५ के लिनिअर, व्हॉल्यूमसाठी १०० के लॉग. फझ आणि इनपुटला रिव्हर्स लॉग मिळाले तर घ्या. लिनिअरने काम होतं, फक्त सगळा बदल नॉबच्या शेवटच्या टप्प्यात दाटतो.

बाकी: १एन५८१७ डायोड, एलईडी, एक साधा टॉगल स्विच, नऊ पायांचा थ्रीपीडीटी फूटस्विच, एक स्टिरिओ आणि एक मोनो जॅक, डीसी सॉकेट, ट्रान्झिस्टर सॉकेट, अॅल्युमिनियमचा डबा. पाच पॉट बसवायचे आहेत, तेव्हा १५९०बीच्या छोट्या डब्याचा मोह टाळून १२५बी घ्या.

सावधान: फझच्या जागी "१ के नाही, १० के आहे, चालेल" असं करू नका. हा पॉट म्हणजेच दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा एमिटर रेझिस्टर. तो दहापट केला की त्यातला प्रवाह कोसळतो आणि सगळा बायस गडबडतो.

## २. ट्रान्झिस्टर आधी मोजा

बीसी१०८, बीसी५४७, २एन३९०४ यांतलं काहीही चालेल. मात्र बीसी५४७च्या नावामागचं अक्षर पाहा. "ए" गटाचा गेन (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) ११० ते २२०, "बी"चा २०० ते ४५०, "सी"चा ४२० ते ८००. सी गटातून फझ निघतो, पण सोबत भरपूर सिसकारी येते, आणि रेडिओ स्टेशन पकडण्याची खोडही लागते. ए गट शहाणा.

पाच-सात ट्रान्झिस्टर घेऊन मल्टिमीटरच्या एचएफई (गेन मोजायच्या) खाचेत मोजा. त्यांतला कमी गेनचा, १०० ते १५० मधला, पहिल्या जागी लावा. १५० ते २५० मधला दुसऱ्या जागी. पुढे त्यांना क्यू१ आणि क्यू२ म्हणू. मोजताना बोटांनी धरून ठेवू नका, बोटांच्या उबेनेही आकडा चढतो.

तपासा: पायांचा क्रम. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४चे नेमके उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा लावताना तो फिरवावा लागतो. उलटा लागलेला ट्रान्झिस्टर कधीकधी चालतोही, फक्त गेन अगदी कमी मिळतो, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही.

जर्मेनियमचा आग्रह असेल तर तो दुसऱ्या पेडलसाठी ठेवा. त्याची गळती आणि गेन तापमानाबरोबर बदलतात. शिवाय पीएनपी जर्मेनियमच्या पारंपरिक मांडणीत ग्राउंड पॉझिटिव्ह असतो, आणि असं पेडल इतर पेडलांच्या सामायिक वायरवर जोडलं की सप्लाय शॉर्ट होतो.

## ३. ब्रेडबोर्डवर मांडणी

ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डरविना भाग टोचायचा बोर्ड. क्रम सप्लायकडून सुरू करा.

१. डीसी सॉकेटचा पॉझिटिव्ह १एन५८१७मधून, पुढे १०० ओहममधून न्या. तिथून १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. या बिंदूला "सप्लाय" म्हणू. उलटी वायर लागली तर डायोड सर्किट वाचवतो.

२. क्यू१चा एमिटर थेट ग्राउंडला. त्याचा कलेक्टर ३३ केमधून सप्लायला आणि तिथूनच सरळ क्यू२च्या बेसला.

३. क्यू१च्या बेस आणि कलेक्टरमध्ये २२० पिकोफॅरड. रेडिओ आणि शिट्टी यांना अटकाव करणारा कपॅसिटर हाच. पाय आखूड ठेवा.

४. क्यू२चा एमिटर फझ पॉटच्या ३ नंबरच्या पायाला, १ नंबर ग्राउंडला. मधल्या पायावरून २२ मायक्रोफॅरड ग्राउंडला, पॉझिटिव्ह टोक पॉटकडे.

५. क्यू२च्या एमिटरवरून १०० के थेट क्यू१च्या बेसला. हा परतीचा रेझिस्टर विसरला तर सगळंच गप्प.

६. सप्लायवरून १ के, त्यापुढे १० केचा बायस पॉट, त्यापुढे क्यू२चा कलेक्टर. आउटपुट घ्यायचा तो १ के आणि बायस पॉट यांच्या जोडावरून. थेट कलेक्टरवरून घेतला तर पुढच्या अँपला झेपणार नाही इतका मोठा सिग्नल येतो.

७. इनपुट जॅकवरून १ मेगओहम ग्राउंडला (स्विच दाबताना "टप्प" होऊ नये म्हणून), मग ५० के इनपुट पॉट, मग १०० नॅनोफॅरड, मग क्यू१चा बेस. या १०० नॅनोफॅरडला समांतर २.२ मायक्रोफॅरड टॉगलमधून जोडा, पॉझिटिव्ह टोक बेसकडे.

८. आउटपुटच्या जोडावरून दुसरा १०० नॅनोफॅरड, मग ४.७ के, मग व्हॉल्यूम पॉटचा ३ नंबर. व्हॉल्यूमच्या १ला ग्राउंड, २ वरून आउटपुट जॅक. टोनसाठी व्हॉल्यूमच्या ३ नंबरवरून २५ केचा पॉट आणि त्यापुढे २२ नॅनोफॅरड ग्राउंडला.

पॉटचे पाय मोजायची रीत: दांडा आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून १, २, ३. बायस आणि टोनला १ व २ वापरा आणि ३ला २शी जोडा. इनपुटला २ व ३ वापरा आणि १ला २शी जोडा. मोकळा पाय असा बांधून ठेवला की पट्टीवरची टोचणी क्षणभर सुटली तरी सर्किट तुटत नाही.

टॉगल जाड (२.२ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर इनपुटलाच का लावतो? आवाज फाटण्याआधी खालचे स्वर कापले तर फझ मोकळा आणि घट्ट होतो. फाटल्यानंतर कापले तर तोच चिखल, फक्त पातळ. त्यामुळे टोनचा नॉब कितीही फिरवला तरी टॉगलची जागा घेत नाही.

## ४. बायस लावा, गिटार जोडण्यापूर्वी

वीज द्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी वायर ग्राउंडला. या क्रमाने मोजा:

- सप्लाय: ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर साधारण ८.५ ते ८.९
- क्यू१चा बेस: ०.५५ ते ०.६५
- क्यू१चा कलेक्टर: १.२ ते १.५
- क्यू२चा एमिटर: ०.६५ ते ०.९
- क्यू२चा कलेक्टर: बायस पॉट फिरवून ४.५ वर आणा

शेवटच्या आकड्यासाठी पॉटचा रोध बहुधा ४ ते ६ के निघतो. जुन्या आराखड्यांत या जागी ८.२ केचा पक्का रेझिस्टर दिसतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर लावून तोच आकडा ठेवला तर कलेक्टरवर २-३ व्होल्टच उरतात आणि सूर विझताना खरखरतो. आराखडा तंतोतंत उतरवूनही पेडल "तुटकं" का वाजतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

आकडे जमत नसतील तर:

क्यू१चा कलेक्टर वरच्या आकड्यापेक्षा बराच चढा: क्यू१ नीट चालू नाही. १०० के सुटला आहे किंवा ट्रान्झिस्टर उलटा आहे.

क्यू१चा कलेक्टर शून्याजवळ: क्यू२चा बेस ग्राउंडला चिकटला असेल किंवा ३३ के जोडलेला नसेल.

क्यू२चा कलेक्टर बायस फिरवूनही हलत नाही: पॉटचे चुकीचे पाय वापरले आहेत.

तपासा: बायसचा नॉब एका टोकाला नेला की कलेक्टरवर साधारण ८ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला १ ते १.५ यायला हवेत. एवढा पल्ला मिळाला तरच पुढे जा.

आता गिटार जोडा. अँप स्वच्छ ठेवा, फझ पूर्ण, इनपुट पूर्ण. एक सूर वाजवून तो पूर्ण विझेपर्यंत ऐका. त्यानंतर बायस ४ ते ५.५ व्होल्टच्या दरम्यान हलवून कानाला आवडेल तिथे थांबा. मल्टिमीटर जागेच्या जवळ नेतो, शेवटचा पाव व्होल्ट कान ठरवतो. सापडलेला आकडा लिहून ठेवा.

## ५. सोल्डरिंग

व्हेरोबोर्ड (तांब्याच्या पट्ट्या असलेला छिद्रांचा बोर्ड) वापरत असाल तर पट्ट्या कुठे कापायच्या ते आधी कागदावर खुणा करून ठरवा. कापल्यावर प्रत्येक काप मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. तांब्याचा केसाएवढा धागा उरला तरी दोन पट्ट्या जोडलेल्या राहतात.

बसवण्याचा क्रम: आधी जंपर वायर, मग रेझिस्टर, मग ट्रान्झिस्टर सॉकेट, मग लहान कपॅसिटर, शेवटी इलेक्ट्रोलिटिक. ट्रान्झिस्टर सोल्डर करू नका, सॉकेटमध्ये टोचा. पुढे एखादा बदलून बघावासा वाटणारच.

सावधान: इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरची पट्टी निगेटिव्ह बाजू दाखवते. पुष्कळांना ती पॉझिटिव्हची खूण वाटते.

बोर्ड पूर्ण झाला की डब्यात घालण्याआधी, पॉट बाहेर लोंबकळत ठेवूनच, चौथ्या टप्प्यातले सगळे व्होल्टेज पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे, पण डब्यात गेल्यावर हेच काम दहापट वेळ खातं.

## ६. डबा आणि फूटस्विच

भोकं पाडण्याआधी हातातले भाग कॅलिपरने मोजा. १६ मिलिमीटरच्या पॉटला साधारण ७, जॅकला ९.५ आणि फूटस्विचला १२ मिलिमीटर लागतात. डीसी सॉकेटचे आकार वेगवेगळे असतात. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग स्टेप ड्रिल. जॅक आणि पॉट एकाच उंचीवर आले तर आत एकमेकांना भिडतात, म्हणून सगळे भाग डब्यात मांडून मगच खुणा करा.

फूटस्विच असा धरा की त्याचे चपटे पाय आडवे दिसतील. वरची ओळ १-२-३, मधली ४-५-६, खालची ७-८-९.

- ४ ला इनपुट जॅक, ६ ला आउटपुट जॅक
- १ ला बोर्डचा इनपुट, ३ ला बोर्डचा आउटपुट
- ७ आणि ९ एकमेकांना
- ५ ला एलईडीचं निगेटिव्ह, २ ला ग्राउंड, ८ रिकामा

एलईडीचं पॉझिटिव्ह ४.७ केमधून सप्लायला. स्विच ९० अंशांत फिरलेला असेल तर पेडल काहीतरी विचित्रच करतं, म्हणून पायांची दिशा दोनदा पाहा. प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न ठेवू नका. आतलं प्लास्टिक वितळून स्विच अडकतो.

बॅटरी लावायची असेल तर तिची काळी वायर स्टिरिओ इनपुट जॅकच्या रिंगला द्या. केबल काढली की बॅटरी आपोआप तुटते. सर्किट जेमतेम १ मिलिअँपिअर घेतं, एलईडी साधारण दीड. म्हणजे बॅटरी एलईडीच जास्त खातो.

इनपुटची आणि आउटपुटची वायर एकमेकींना समांतर नेऊ नका. पूर्ण फझवर शिट्टी वाजण्याचं नेहमीचं कारण हेच.

आवाजच नसेल तर: एका केबलच्या टोकाला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला जोडा, केबलचं दुसरं टोक अँपला. गिटार वाजवत ठेवा आणि कपॅसिटरच्या मोकळ्या पायाने क्रमाने इनपुट जॅक, क्यू१चा बेस, क्यू१चा कलेक्टर, क्यू२चा कलेक्टर, व्हॉल्यूम असं टोचत जा. आवाज जिथे थांबेल तिथे दोष. अँपचा आवाज आधी कमी करा, कारण क्यू२च्या कलेक्टरवर कानठळ्या बसतात.

फझचा नॉब फिरवताना येणारी किंचित खरखर दोष नाही. त्या पॉटमधून डीसी वाहतो म्हणून ती येते.

## ७. साखळीत जागा

फझ गिटारनंतर पहिलाच. मध्ये काही नको. या सर्किटचा इनपुट रोध काही हजार ओहमच असतो, आणि तो गिटारच्या पिकअपच्या कॉइलवर ओझं टाकतो. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की मध्ये रोध येतो, सिग्नल घटतो आणि फझ साफ होतो. मध्ये बफर (पुढचं ओझं पिकअपपर्यंत पोहोचू न देणारं सर्किट) आला की पिकअप आणि फझ यांची ही गाठ सुटते: आवाज टोकदार होतो आणि व्हॉल्यूमचा नॉब नुसता आवाज लहान-मोठा करतो.

बफर अनपेक्षित जागी लपलेला असतो. काही ट्यूनर बंद असतानाही बफरमधूनच सिग्नल पाठवतात. वायरलेस रिसीव्हर आणि अॅक्टिव्ह पिकअप यांचंही तसंच. यांच्यानंतर फझ लावणं भागच असेल तर इनपुटचा नॉब मधोमध आणा. मध्ये आलेला रोध पिकअपची उणीव थोडी भरून काढतो, पूर्ण नाही.

वाहवाह (पायाने टोन झुलवणारी पेडल) फझच्या आधी लावली तर तिची झेप आखडते, कधी शिट्टीही वाजते. ती फझनंतर ठेवा.

सप्लाय ९ व्होल्ट डीसी, मधला पिन निगेटिव्ह. १८ व्होल्ट देऊ नका: बायस पूर्ण सरकतो आणि १६ व्होल्टचे कपॅसिटर धोक्यात येतात. शक्यतो वेगळा आउटपुट द्या, डिजिटल डिलेबरोबर एकाच वायरवर लावला तर त्याची कुणकुण फझ हजारपटीने ऐकवतो.

## ८. चार आवाज

आकडे नॉबच्या ० ते १० खुणांचे. बायसची ४.५ व्होल्टची जागा डब्यावर ठिपक्याने दाखवून ठेवा.

भरीव लीड: टॉगल जाड कपॅसिटरवर, इनपुट १०, फझ ८, बायस ठिपक्यावर, टोन ५. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण.

साफ ते फझ, एकाच नॉबवर: फझ १०, इनपुट १०, बायस ठिपक्यावर, टोन ७. गिटारचा व्हॉल्यूम ५-६ वर आणा. इथे बरेच जण फझ ४ वर ठेवून साफ आवाज शोधतात आणि मंद, गढूळ काहीतरी हाती येतं. साफ करण्याचं काम गिटारवर सोडा, फझ वरच राहू द्या.

कॉर्डसाठी: टॉगल बारीक कपॅसिटरवर, इनपुट ५, फझ ६, बायस ठिपक्याच्या किंचित अलीकडे, म्हणजे ५ ते ५.५ व्होल्ट. तरीही दोन-तीन तारांच्या कॉर्डच नीट उलगडतात. सहाही तारांच्या भरगच्च कॉर्डमधून फझ गोंधळच काढणार.

तुटका, खडखडणारा: बायस पूर्ण उजवीकडे, टोन ८, फझ ७. सूर अचानक कापला जातो, मधली शांतता अगदी कोरडी. जोरात छेडलं तरच आवाज येतो, म्हणून गिटारचा व्हॉल्यूम पूर्णच ठेवा. बॅटरी उतरली की पेडल आपोआप याच बाजूला झुकतं. एरवी ठणठणीत असलेला फझ तुटक वाजू लागला तर आधी बॅटरी मोजा.

हंबकर (दोन कॉइलचा) पिकअप असेल तर चारही ठिकाणी इनपुट दोन-तीन खुणांनी कमी करा. घरी दणदणीत वाटलेला फझ बँडमध्ये गायब होतो तेव्हा फझ वाढवू नका, तो २ ने कमी करा आणि व्हॉल्यूम चढवा. तेवढ्याने भागलं नाही तर फझनंतर एक ओव्हरड्राइव्ह (आवाज सौम्यपणे फाडणारं पेडल) अगदी कमी गेनवर लावा, मधले स्वर पुढे येतात.